फळीवरची बार्शी लाइट: लघुरेल्वेची मांडणी आणि देखावा कसा उभारावा

लघुरेल्वेच्या, म्हणजे खऱ्या रेल्वेची लहान चालती प्रतिकृती करण्याच्या, छंदात नव्याने पडलेला माणूस बहुधा आधी इंजिन विकत घेतो, मग त्यासोबत आलेले रूळ टेबलावर गोल जोडतो आणि उरलेल्या जागेत काय दाखवायचे याचा विचार अगदी शेवटी करतो. अशा गोलात फिरणाऱ्या गाडीचा कंटाळा लवकर येतो आणि खोके माळ्यावर जाते. या लेखात क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी दृश्य, मग प्रमाण, मग फळी आणि रूळ, आणि इंजिन जवळजवळ शेवटी. दृश्यही असे निवडावे की जिथे स्वतः जाता येईल, जिथली माती हातात घेता येईल आणि जिथल्या भिंतींना फीत लावता येईल. सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

दृश्याची निवड

मुंबईकडून येणारी जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६० मध्ये सोलापुरात पोहोचली. पुढे होटगीहून गदगकडे जाणारा मीटरगेज मार्ग आला. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोडहून, बार्शीपर्यंत २ फूट ६ इंच रुंदीची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ती आखली. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही हे त्याचे सूत्र होते, आणि इंजिनापासून वाघिणीपर्यंत सारे त्याच सूत्राने बेतल्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येत असे. ही गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली आणि या शतकाच्या सुरुवातीला तिचे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले. एकाच जिल्ह्यात तिन्ही रुंदींचे रूळ नांदलेले असणे ही छंदिष्टाच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

नवख्याने यांपैकी बार्शी लाइटवरचे एखादे लहान स्थानक निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी आखूड, इंजिन लहान, वळणे तीव्र आणि मालधक्क्यावर कापसाच्या गाठी व ज्वारीची पोती एवढाच व्यवहार, त्यामुळे सारे एका फळीवर मावते. आषाढीच्या गर्दीतले पंढरपूर स्थानक करण्याचा मोह होतो, पण शेकडो माणसे रंगवण्याचे ते काम हात बसल्यावरच घ्यावे. गाडी चालवायचीच नसेल आणि केवळ स्थिर देखावा करायचा असेल, तर ३० बाय ४५ सेंटिमीटरची जागा पुरते आणि पुढचा विजेचा भाग सोडून देता येतो.

दृश्य ठरल्यावर वहीत मापे उतरवावीत. दाराची उंची, खिडक्यांचे अंतर, दगडांचे थर आणि छपराचा उतार एवढे मिळाले की बाकीचे त्यावरून काढता येते. उंच भिंत मोजता येत नसेल, तर उंची ठाऊक असलेल्या सोबत्याला तिच्यापाशी उभे करून समोरून छायाचित्र घ्यावे आणि प्रमाण घरी काढावे. रुळांवर मात्र उतरू नये. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि फलाटावरून किंवा रस्त्यावरून घेतलेली मापे या कामाला पुरेशी होतात. तयार मांडणी किती बारकाईने करता येते हे पाहायचे असेल, तर पुण्याला कोथरूडमधले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून यावे. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने निघून संध्याकाळी परतणे सहज जमते.

प्रमाण आणि रुळांची रुंदी

या दोन गोष्टींत नेहमी घोळ होतो. प्रमाण म्हणजे खऱ्या वस्तूच्या किती पट लहान, आणि गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर. जगात सर्वाधिक चालणारे एचओ प्रमाण १:८७ आहे आणि त्याचे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. १६.५ ला ८७ ने गुणले की १४३५ मिलिमीटर येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेतले स्टँडर्ड गेज. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे आहे. ते १:८७ मध्ये खरे दाखवायचे तर १९.३ मिलिमीटर रुंदीचे रूळ लागतील, आणि तसे तयार मिळणे कठीण आहे. त्यामुळे एचओच्या रुळांवर ठेवलेला भारतीय डबा थोडा उंटासारखा दिसतो: वर भारदस्त, खाली चिंचोळा. बहुतेक छंदिष्ट हा फरक सोसतात आणि त्यात काही वावगे नाही. ज्याला तो सोसवत नाही त्याने १:१०० या प्रमाणात काम करावे, कारण १६७६ चा शंभरावा भाग १६.७६ होतो आणि तो १६.५ च्या रुळांशी जवळपास जुळतो. वास्तुरचनेच्या प्रतिकृती याच प्रमाणात होत असल्याने माणसे आणि झाडेही मिळतात. इंजिन व डबे मात्र स्वतः बनवावे लागतात.

बार्शी लाइटचे गणित सुखाचे आहे. तिचे गेज ७६२ मिलिमीटर, त्याला ८७ ने भागले की ८.७६ येतात, आणि एन या एचओहून लहान प्रमाणाचे ९ मिलिमीटरचे रूळ जगभर मिळतात. फरक पाव मिलिमीटरचा, तो डोळ्यांना दिसत नाही. १:८७ मधली माणसे, घरे व झाडे आणि त्यांच्यासोबत ९ मिलिमीटरचे रूळ, या जोडीला एचओई म्हणतात. होटगीचे मीटरगेज करायचे झाल्यास त्याच १:८७ मध्ये १२ मिलिमीटरचे रूळ वापरतात. म्हणजे प्रमाण एकच ठेवून पुढे जुन्या कुर्डुवाडीसारखे दोन गेज भेटणारे स्थानकही करता येते.

वळणासाठी साधा नियम असा की वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान तिप्पट असावी. ब्रॉडगेजचा आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचा) डबा २१.३ मीटर लांब असतो. १:८७ मध्ये तो साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो आणि पाऊण मीटरची त्रिज्या मागतो, म्हणजे केवळ अर्धा वळसा घ्यायला दीड मीटरहून रुंद टेबल लागते. सोलापुरातल्या बहुतेक घरांत तेवढी जागा पलंगाला असते, रेल्वेला नसते.

आराखडा

एका फळीवर अर्थपूर्ण खेळ कसा मांडावा याचे उत्तम उत्तर ब्रिटनच्या ॲलन राइट यांनी देऊन ठेवले आहे. त्यांच्या इंगलनूक आराखड्यात दोन सांधे, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रुळांचे भाग, आणि तीन बाजूमार्ग असतात. एका मार्गावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन, आणि सांध्याच्या अलीकडे इंजिन व तीन वाघिणी उभ्या राहतील एवढी जागा असते. आठ वाघिणी विस्कटून ठेवायच्या, चिठ्ठ्या काढून पाच ठरवायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जुळवायची. क्रमाच्या शक्यता ६,७२० होतात. मालधक्क्यावरच्या शंटिंगचे हे हुबेहूब रूप आहे.

वाघीण जोडणीसह ९ सेंटिमीटरची धरली, तर लांब मार्गाला ४५, एका सांध्याला सुमारे १२ आणि अलीकडच्या भागाला ४० सेंटिमीटर लागतात. त्यामुळे १२० बाय ३५ सेंटिमीटरच्या फळीवर सारे बसते आणि दोन्ही टोकांना थोडी मोकळीक राहते. कागदावर आखून झाल्यावर तोच आराखडा खऱ्या मापात वर्तमानपत्रावर काढावा, इमारतींच्या जागी पुठ्ठ्याची खोकी ठेवावीत आणि काही दिवस तसाच राहू द्यावा. रूळ फळीच्या कडेला समांतर ठेवू नयेत, पाच-सहा अंशांनी तिरके टाकावेत, म्हणजे दृश्याला खोली येते. कोणत्याही फळीची रुंदी ७५ सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नये, कारण मागच्या बाजूला हात पोहोचला पाहिजे.

फळी

१२ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड आणि त्याखाली सागाच्या किंवा प्लायच्याच पट्ट्यांची चौकट, हे आपल्या हवेत भरवशाचे ठरते. सोलापूरची हवा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी असते आणि पावसाळ्यात ओल धरते, त्यामुळे लाकूड फुगते आणि आकसते. उपाय एवढाच की प्लायला वरून, खालून आणि विशेषतः कापलेल्या कडांना व्हार्निश किंवा तेलरंगाचे दोन हात द्यावेत. एकाच बाजूला रंग दिला तर फळी हमखास वाकते.

प्लायवर २५ मिलिमीटर जाडीची एक्सपीएस फोमची पत्री चिकटवावी. गच्चीवर उष्णतारोधक म्हणून वापरतात तीच ही दाट, गुलाबी किंवा निळी पत्री असते. तिच्यात ओढा, नाली किंवा उतार सुरीने कोरता येतो. थर्मोकोल टाळावा, कारण त्याचे दाणे घरभर होतात, आणि सजावटीतल्या थर्मोकोलवर राज्यात २०१८ पासून बंदीही आहे. फोम फेविकॉलने चिकटवावा व वर वजन ठेवावे. चपलांना लावतात तसले रबरी सोल्युशन वापरल्यास फोम विरघळतो. गरम तारेने कापायचा असेल तर खिडकी उघडी ठेवावी, धूर विषारी असतो.

रूळ टाकणे

आराखड्याच्या रेषा फोमवर उतरवून त्यांवर ३ मिलिमीटर जाडीच्या कॉर्कची पट्टी चिकटवावी आणि तिच्यावर रूळ बसवावेत. आधी सांधे बसवावेत, मग त्यांना जोडणारे सरळ आणि वळणाचे रूळ. प्रत्येक जोडावरून बोट फिरवावे. बोटाला जे खुपते त्यावरून चाक उतरते, म्हणून खुपणारी कड बारीक कानशीने लगेच काढावी.

तापमानाचा विचार येथे आवश्यक आहे. लघुरेल्वेचे रूळ निकेल-सिल्व्हर या तांबे-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि ३० अंशांच्या फरकाने एक मीटर रूळ सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. डिसेंबरच्या गारठ्यात रूळ टोकाला टोक भिडवून पक्के केले, तर पत्र्याखालच्या खोलीत एप्रिलमध्ये ते बाजूला फुगतात. म्हणून थंडीत काम करताना दर मीटरमागे अर्ध्या मिलिमीटरची फट सोडावी. व्हिजिटिंग कार्ड दुहेरी घडी करून जोडात धरले की ती फट आपोआप मिळते. भर उन्हाळ्यात काम करत असल्यास फट जवळजवळ सोडूच नये.

सांधा बदलण्यासाठी महागड्या मोटारीची गरज नाही. सायकलचा स्पोक आणि विजेच्या दुकानात मिळणारा सहा पायांचा सरकता स्विच पुरतो. स्विचच्या प्लास्टिकच्या बोंडाला आरपार बारीक भोक पाडून त्यातून स्पोक ओवावा. त्याचे एक टोक काटकोनात वाकवून सांध्याच्या सरकत्या पट्टीत अडकवावे आणि दुसरे टोक फळीच्या पुढच्या कडेतून बाहेर काढून त्याला लाकडी मणी लावावा. मणी ओढला की पाती सरकतात, आणि त्याच हालचालीत स्विच सांध्याच्या मधल्या त्रिकोणी भागाचा, म्हणजे फ्रॉगचा, विद्युतप्रवाह बदलतो. लहान इंजिने निर्जीव फ्रॉगवर अडखळून थांबतात, आणि एचओईची इंजिने लहानच असतात, त्यामुळे ही व्यवस्था सुरुवातीपासून करावी.

वीज

एक इंजिन आणि एक चालक असेल तर १२ व्होल्ट डीसीचा साधा नियंत्रक पुरेसा आहे. प्रत्येक इंजिनाला वेगळा आदेश देणारी डीसीसी प्रणाली सुंदर असते, पण दोन सांध्यांच्या फळीवर तो खर्च वाया जातो. २३० व्होल्टचे काम सीलबंद ॲडॅप्टरच्या आतच राहू द्यावे, तो उघडू नये.

फळीखालून दीड चौरस मिलिमीटरच्या दोन तारा, एक लाल आणि एक काळी, टोकापासून टोकापर्यंत न्याव्यात आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांच्यापासून स्वतंत्र बारीक तार द्यावी. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विजेसाठी विसंबून राहू नये, धूळ आणि गंज यांमुळे त्या वर्षा-दोन वर्षांत दगा देतात. डाग देताना रेझीनयुक्त सोल्डर वापरावे, आम्लाचे फ्लक्स नको. डागाच्या दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर, ओला कापूस ठेवला म्हणजे प्लास्टिक वितळत नाही. आमने-सामने येणारे उलटे प्रवाह जिथे भेटतील तिथे, म्हणजे फ्रॉगच्या पुढे दोन्ही आतल्या रुळांत, प्लास्टिकच्या जोडपट्ट्या घालाव्यात.

यानंतर थांबावे. खडी आणि माती टाकण्यापूर्वी इंजिन मिळवून किंवा उसने आणून सर्व मार्गांवर अगदी मंद गतीने चालवावे आणि वाघिणी ओढत नव्हे तर ढकलत न्याव्यात. ढकलताना न घसरणारी गाडी ओढताना घसरत नाही.

जमीन: काळी माती, खडी, मुरूम

सोलापूरच्या मांडणीचे खरे रूप येथे ठरते. परदेशी बनावटीची हिरवीगार भुकटी येथे उपयोगाची नाही. शेतातली काळी माती आणावी, उन्हात वाळवावी, कढईत भाजून त्यातले किडे व बिया माराव्यात आणि आधी रव्याच्या, मग मैद्याच्या चाळणीने चाळावी. यासाठी जुनी कढई आणि जुन्या चाळण्या वेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर घरातला विरोध रास्तच म्हणावा लागेल. पुढची पायरी बहुतेक जण विसरतात. आपली माती बसाल्टापासून झालेली असल्याने तिच्यात मॅग्नेटाइटचे काळे कण असतात. मोटारीतले चुंबक ते कण ओढून घेते आणि दातेचक्रे झिजतात. जुन्या स्पीकरचे चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून मातीवरून फिरवावे, पिशवीला चिकटलेली काळी दाढी झटकून टाकावी आणि काही चिकटेनासे होईपर्यंत हे करत राहावे. खडीच्या कचीलाही हाच नियम लागू आहे.

उन्हाळ्यातली भेगाळलेली जमीन दाखवायची असेल तर ती रंगवण्यापेक्षा खरोखर भेगाळू द्यावी. फोमवर फेविकॉलचा हात मारून वाळू द्यावा. चाळलेली माती पाण्यात दाट कालवून तिच्यात थोडेसेच फेविकॉल घालावे आणि दोन मिलिमीटरचा थर पसरून उन्हात ठेवावा. काळी माती वाळताना आकसते, त्यामुळे थराला आपोआप बहुकोनी भेगा पडतात. थर जाड असेल तर चकत्या मोठ्या पडतात, पातळ असेल तर बारीक, म्हणून आधी पुठ्ठ्यावर चाचणी घ्यावी. फेविकॉल जास्त झाले तर भेगा पडतच नाहीत. कडा उचलल्यास पातळ फेविकॉल थेंबाथेंबाने सोडून बोटाने दाबाव्यात. खोलीतल्या दिव्याखाली खरी काळी माती फार गडद भासते, त्यामुळे शेवटी पांढरट करड्या रंगाचा कोरडा ब्रश अलगद फिरवावा.

खडीसाठी क्रशरवरची कच घ्यावी. खऱ्या रुळांखालची खडी साधारण ५० मिलिमीटरची धरली तर १:८७ मध्ये दाणा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा हवा. याहून जाड दाणे घातले की सारी मांडणी खेळण्यासारखी दिसते. खडी रुळांमध्ये पसरून मऊ ब्रशने स्लीपरवरून झटकावी, इंजिनाच्या चाकाची कड जिथून जाते तिथे एकही दाणा राहू देऊ नये. मग पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा थेंब टाकून ते फवाऱ्याने शिंपडावे आणि ओल्या खडीवर एकास तीन पाणी घातलेले फेविकॉल ड्रॉपरने सोडावे. हे काम संध्याकाळी, पंखा बंद ठेवून करावे. आपल्याकडच्या दुपारच्या हवेत वरचा थर आधी सुकतो, साय धरते आणि तळाची खडी मोकळीच राहते. सांध्याच्या सरकत्या पात्यांखाली फेविकॉल जाऊ नये म्हणून तिथे सुकी खडीही न टाकलेली बरी, नुसता रंग द्यावा.

फलाट बुटका ठेवावा आणि त्यावर चाळलेला तांबडा मुरूम चिकटवावा. रुळांच्या बाजूंना गंजाचा तपकिरी रंग देऊन वरचा पृष्ठभाग लगेच पुसून घ्यावा.

इमारती

फ्लेक्स छापणाऱ्यांकडे मिळणारा ३ किंवा ५ मिलिमीटरचा सनबोर्ड भिंतींसाठी उत्तम असतो. दार २.१ मीटरचे असेल तर ते २४ मिलिमीटरचे होते, दगडाचा ३० सेंटिमीटरचा थर साडेतीन मिलिमीटरचा. वापरून संपलेल्या बॉलपेनने सनबोर्डवर दगडांच्या रेषा दाबाव्यात, सगळे दगड सारखे करू नयेत, आणि कोपऱ्यांचे मोठे दगड दोन्ही भिंतींवर आळीपाळीने येतील असे पाहावे. करडा रंग देऊन वाळल्यावर पातळ पांढरा रंग सगळीकडे लावून ओल्या फडक्याने पुसला की सांध्यांत चुना भरल्यासारखा राहतो.

पत्र्याच्या छपरासाठी शीतपेयाच्या डब्याचा पत्रा जाड पडतो. घरातली ॲल्युमिनियम फॉइल दुहेरी करून घ्यावी, ती मऊ रबरी पॅडवर ठेवावी आणि ५ मिलिमीटरचा आटे असलेला लांब बोल्ट तिच्यावरून जोर देऊन लाटावा. त्याच्या आट्यांमधले अंतर ०.८ मिलिमीटर असते, म्हणजे १:८७ मध्ये सुमारे ७० मिलिमीटर, आणि खऱ्या पन्हाळी पत्र्याच्या लाटांचे अंतर जवळपास तेवढेच असते. आटे मळसूत्री असल्यामुळे उमटलेल्या रेषा सुमारे तीन अंशांनी तिरक्या येतात. त्यामुळे आधी फॉइल लाटावी आणि नंतर रेषांना समांतर धरून पत्रे कापावेत. उलट केले तर छपर तिरके दिसते. एक पत्रा १ सेंटिमीटर रुंद ठेवून शेजारच्या पत्र्यावर दोन लाटा चढवाव्यात. गंज सर्वत्र सारखा फासू नये. तो खिळ्यांपासून खाली ओघळतो आणि पत्र्यांच्या जोडांपाशी साचतो.

गिरणीचे धुराडे पार्श्वभूमीला फार शोभते, पण ५० मीटरचे धुराडे १:८७ मध्ये साडेसत्तावन्न सेंटिमीटर होते आणि स्थानकाला गिळून टाकते. ते निम्म्या उंचीचे करून फळीच्या मागच्या कडेला ठेवावे, म्हणजे दूर असल्याचा भास होतो. आकार वर निमुळता हवा, त्यामुळे पीव्हीसी पाइप चालत नाही, जाड कागदाची सुरळी करावी. कागद-पुठ्ठ्याच्या कामात खळ वापरणार असाल तर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालावे, नाहीतर झुरळे आणि कसर छपरापासून सुरुवात करतात. मोरचूद विषारी असल्याने ते मुलांच्या हाती लागू देऊ नये.

शेत, झाडे, माणसे

ज्वारी काढल्यानंतरचे धसकटाचे शेत येथे अगदी सहज जमते, कारण त्याचे साहित्य गावात विणले जाते. टर्किश टॉवेलची उभे टाके, म्हणजे सुताचे फास, असलेली बाजू वर ठेवून तुकडा फेविकॉलने चिकटवावा, ओळी सोडून मधले टाके वस्तऱ्याने काढावेत, उरलेल्यांची टोके कापून मोकळी करावीत. चहाच्या पाण्यात आधी बुडवलेला टॉवेल घेतल्यास वाळल्या कडब्याचा रंग येतो. ओळींमध्ये चाळलेली माती भरली की टॉवेल ओळखू येत नाही. वाळके गवत काथ्या बारीक कापून करता येते.

झाडांसाठी विजेच्या तारेतले तांब्याचे धागे पिळून खोड व फांद्या कराव्यात. कडुनिंब १२ मीटरचा म्हणजे १४ सेंटिमीटरचा, बाभूळ सात-आठ मीटरची म्हणजे आठ-नऊ सेंटिमीटरची. कडुनिंबाचा डेरा गोल आणि दाट असतो, बाभळीचा चपटा, विरळ, आरपार आभाळ दिसेल असा. स्पंज रंगवून, ओला असतानाच जुन्या मिक्सरमध्ये फिरवून वाळवला की पाला होतो. त्या हिरव्यात करडा व पिवळा रंग मिसळावा, शुद्ध हिरवा आपल्याकडे पावसानंतरचे थोडे दिवसच दिसतो.

माणूस १:८७ मध्ये सुमारे १९ मिलिमीटरचा होतो. बाजारातल्या मूर्तींच्या अंगावर कोट आणि टोप्या असतात. टोपी कानशीने घासून तिथे एम-सीलची बारीक सुरळी गुंडाळली की फेटा होतो, आणि टिश्यू पेपरचा पापुद्रा पातळ फेविकॉलमध्ये भिजवून नेसवला की नऊवारी किंवा धोतर. पोतीही एम-सीलचीच करावीत, १० मिलिमीटर लांब, आणि ओली असताना एकावर एक रचावीत म्हणजे ती वजनाने बसल्यासारखी दिसतात. माणसे विखरू नयेत. मालधक्क्यावर तिघे-चौघे, कडुनिंबाखाली दोघे, आणि बाकी फलाट रिकामा राहिला तरी चालतो.

गाडी

बार्शी लाइटचे तयार इंजिन दुकानात मिळत नाही. एन प्रमाणातले लहान शंटिंग इंजिन घेऊन त्याची चाके व मोटार तशीच ठेवावी आणि वरचे आवरण पुठ्ठा, प्लास्टिकची पत्री किंवा थ्रीडी प्रिंटने १:८७ मध्ये बनवावे. आवरणाच्या आत शिसे भरून वजन वाढवल्यास पकड सुधारते. सर्व वाघिणींना एकाच प्रकारची जोडणी एकाच उंचीवर बसवावी आणि त्यासाठी पुठ्ठ्याचे एक माप कापून जवळ ठेवावे.

धूळ आणि पुढची फळी

मांडणी वापरात नसताना झाकणे आवश्यक आहे, पण त्यासाठी चादर घेऊ नये, मग ती सोलापुरी का असेना. सुताची लव आसांना गुंडाळते आणि इंजिन जाम होते. प्लास्टिकची पत्री किंवा पॉलिस्टरचा जुना पडदा वापरावा. रुळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलने भिजवलेल्या कापडाने पुसावेत. पॉलिश पेपरने घासल्यास बारीक चरे पडतात आणि त्यांत घाण अधिकच साचते. थेट ऊन पडेल अशा खिडकीपाशी फळी ठेवू नये, पाल्याचा रंग उडतो.

पुढे कुर्डुवाडीची फळी जोडायची असेल, तर पहिल्या फळीच्या टोकाला लाकडाचा एक तुकडा लावून दोहोंतून आरपार आजच दोन १० मिलिमीटरची भोके पाडून ठेवावीत आणि तोच तुकडा साचा म्हणून जपावा. जोडावर रूळ तिरके न आणता कडेला काटकोनात आणावेत, शेवटच्या दोन स्लीपरच्या जागी तांब्याच्या पत्र्यावर ते डाग देऊन पक्के करावेत आणि दोन रुळांमध्ये तो पत्रा कापून वेगळा करावा. ब्रॉडगेजचा १६.५ मिलिमीटरचा मार्ग अरुंद मार्गाच्या शेजारी आणताना मालाची अदलाबदल करण्याचा धक्का दोहोंच्या मधोमध येईल एवढी जागा सोडावी. त्यासाठी सहा-सात सेंटिमीटर पुरतात.